पिशव्या कोण सांभाळणार?

रात्रीची जेवणं उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला. गेली दीड वर्षं ती स्पेनमध्ये, बार्सिलोनाला शिकतेय. येत्या जूनमध्ये तिचं शिक्षण संपतंय आणि आम्ही दोघांनी आठ दिवस तिच्याकडे जायचं, असं केव्हाचं ठरलंय. "आई, काय काय बघायचं त्याची यादी मागितली होती. बाबांची आली. तुझी कुठाय?"

"अगं, त्यांचीच ती माझी," मी म्हटलं.

"बाबांच्या यादीत फुटबॉलचं स्टेडियम आहे, सागरादा फामिलिया आहे, रेल्वेचं म्युझियम आहे. शिवाय माझ्या खोलीचा गळका नळ दुरुस्त करणं आहे. यातलं तुझं कुठलं?"

हातात फडकं तसंच. काय उत्तर द्यावं कळेना. मग एकदम तोंडातून निघून गेलं, "समुद्र."

"बघायचाय?"

"नाही. आत जायचंय."

फोनवर क्षणभर कुणीच बोललं नाही. मग बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "समुद्रासाठी एवढे पैसे घालून तिकडे कशाला जायचं? गणपतीपुळ्याला आहे की!"

आहे ना. गणपतीपुळ्याला आहे, अलिबागला आहे, गुहागरला आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि या एकतीस वर्षांत आम्ही सात वेळा कोकणात जाऊन आलो. सातही वेळा माझी साडी घोट्याच्या वर भिजलेली नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून जुने अल्बम काढले. समुद्रावरच्या फोटोंत हे आहेत, मुलं आहेत, दीर आहेत, दिरांची मुलं आहेत. सगळे चिंब ओले आणि हसतायत. मी बऱ्याच फोटोंत नाहीच, कारण कॅमेरा माझ्या हातात. एका फोटोत मात्र कडेला माझा अर्धा दंड आलाय. त्या हातात चार जोड चपला, खांद्यावर दोन टॉवेल आणि कोपराला अडकवलेली चकल्या-पाण्याची पिशवी.

मग आठवलं, हे लग्नानंतर सुरू झालेलं नाही. सहावीत शाळेची सहल हरिहरेश्वरला गेली होती. बाईंनी सांगितलं, "मुलांनी गुडघ्यापर्यंतच जायचं. मुलींनी वाळूत बसायचं आणि सगळ्यांची दप्तरं सांभाळायची." आम्ही सांभाळली. एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की, का बाई?

पुढच्या भिशीला मी सहज विचारलं, "समुद्रात कमरेपर्यंत कोण कोण गेलंय गं?" चौदाजणींत दोन हात वर झाले. त्यातली एक मालवणची माहेरवाशीण. बाकीच्यांनी तीच कारणं सांगितली. ओले कपडे अंगाला चिकटतात. लोक बघतात. पोहता येत नाही. पोरांकडे बघायला कुणीतरी नको का? आणि सगळ्यात शेवटी, जरा हसत, "पिशव्या कोण सांभाळणार?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही सगळ्याच हसलो. पण मला वाटतं, खरा प्रश्न तोच आहे. म्हणूनच आज मी तुम्हाला माझ्या समुद्राच्या तयारीबद्दल सांगणार आहे.

लेकीने जिथे जायचं ठरवलंय त्या भागाचं नाव बार्सेलोनेता. ऐन शहरातला किनारा. मेट्रोच्या पिवळ्या, चार नंबरच्या मार्गावर याच नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरून बंदराच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की वाळू लागते. म्हणजे आपल्याकडे जसं पहाटे पाचला गाडी काढून घाट उतरावा लागतो, तसं काही नाही. तिथल्या बायका ऑफिस सुटल्यावर टॉवेल घेऊन येतात म्हणे, आपण भाजी आणायला जातो तशा.

मला आधी वाटलं, नशीबवान बायका! पण लेकीने सांगितलेलं आणि मी वाचलेलं एकत्र केल्यावर कळलं की, हा समुद्र त्या गावालाही फार उशिरा मिळालाय. बार्सेलोनेता ही मुळात विस्थापितांची वस्ती. १७१४ साली शहर पडलं. जिंकलेल्या राजाने किल्ला बांधण्यासाठी रिबेरा नावाच्या पेठेतली घरं पाडली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १७५३ पासून, समुद्रालगतच्या जागेवर ही नवी वस्ती उभी राहिली. अरुंद गल्ल्या, लहान घरं. पुढे त्या घरांचेही चार-चार वाटे झाले. कोयनेच्या धरणात गावं गेलेली माणसं आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे किनाऱ्याला कारखाने आले, रेल्वेचे रूळ आले, गोदामं आली. जवळच सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती, अगदी लाटांच्या काठाला. जगभर गाजलेली फ्लामेंको नर्तकी कार्मेन अमाया तिथलीच. पुरुषांसारखी विजार घालून, पायांनी फरशी दणाणून सोडणारी. ती झोपडपट्टी १९६६ साली हटवली गेली. आज तिथल्या किनाऱ्याच्या एका तुकड्याला सोमोरोस्त्रो हेच नाव आहे. शहराला समुद्र परत मिळाला तो १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने. रूळ हलवले, कारखाने गेले, वाळू आणून टाकली आणि साडेचार किलोमीटरच्या आसपास किनारा लोकांना मोकळा झाला. म्हणजे माझ्या वयाच्या तिथल्या बाईनेही तरुणपणी हा असा समुद्र पाहिलेला नाही.

आणि बायकांचं म्हणाल, तर त्यांना तो आणखी झगडून मिळालाय. १९३९ ते १९७५ तिथे फ्रँकोची हुकूमशाही होती. पाण्यातून बाहेर आलं की अंगावर झगा घ्यायचा, असे हुकूम किनाऱ्यावर होते. दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तर दंड. एवढंच नाही, लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागायची. तो कायदा १९७५ च्या मे महिन्यात रद्द झाला. १९७५! आमची मोठी ताई तेव्हा दुसरीत होती. आज त्या वाळूवर निवांत पहुडलेल्या सत्तरीच्या आजीबाईला तिचं तारुण्य विचारा. तिनेही कधीतरी चपला सांभाळलेल्या असणार.

हे वाचल्यावर माझी भीड जरा चेपली.

आता तयारी. पहिला प्रश्न अर्थातच कपड्यांचा. "तिकडे बायका कशाही असतात" हे वाक्य मी चार जणींकडून चार सुरांत ऐकलं. खरं आहे, तिथे काही बायका वरचं वस्त्र न घालताही ऊन खात पडलेल्या असतात आणि मार बेया नावाच्या किनाऱ्याचा एक भाग तर विनावस्त्र राहणाऱ्यांसाठीच आहे. आपल्याला ते बघून अवघडल्यासारखं होईल, हे धरूनच जावं. पण लेक म्हणाली ते मला पटलं: "आई, इथे कुणी कमी घातलं तरी बघत नाहीत आणि जास्त घातलं तरी बघत नाहीत. बघितलंस तर तूच बघशील."

मी घोट्यापर्यंतची पोहण्याची विजार आणि लांब बाह्यांचा, त्याच कापडाचा टॉप घेतलाय. साडी, सुती सलवार किंवा जीन्स घालून मात्र पाण्यात उतरू नये. सुती कापड पाणी पितं, जड होतं, पायांत अडकतं आणि लाट आली की तोल जातो. हे लाजेपेक्षा जिवाशी जास्त संबंधित आहे. कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही, म्हणून पोहण्याचा पोशाख घरूनच आत घालून जायचं आणि वरून एक सैलसर गाऊन. परत येताना तो गाऊन घालायचाच, कारण किनारा सोडून गावात उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या पोशाखात फिरायला तिथे २०११ पासून मनाई आहे आणि दंडही होतो. बघा, त्यांच्याकडेही मर्यादा आहेच, फक्त ती कुठे सुरू होते एवढाच फरक.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या कोकणात भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. भूमध्य समुद्र मात्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद. मोठ्या महासागराशी त्याची गाठ जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, तीही अरुंद, सगळ्यात चिंचोळी जागा अवघी चौदा किलोमीटर. त्यामुळे बार्सिलोनाला भरती-ओहोटीतला फरक वीतभराचाच. पण म्हणून तो समुद्र गरीब आहे असं नव्हे. पूर्वेचा वारा सुटला की लाटा उसळतात आणि पाणी आत ओढतं. त्यासाठी किनाऱ्यावर झेंडे असतात. हिरवा असेल तर जा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाऊल टाकायचं नाही. जेलीफिश आल्या असतील तर त्यांचं चित्र असलेला वेगळा झेंडा लावतात. चुकून डंख झालाच तर चोळायचं नाही, साध्या पाण्याने धुवायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि थेट जीवरक्षकांकडे जायचं. जीवरक्षक उन्हाळी हंगामात असतात, तेही ठरलेल्या वेळेतच. म्हणून ते असतील तेव्हाच आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच उतरायचं, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय.

जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. रात्रीच्या साडेनऊला! पण दुपारचं ऊन भाजून काढतं. म्हणून आम्ही सकाळची वेळ धरलीय. पाणी कोकणातल्यासारखं कोमट नसतं. ऑगस्टमध्ये ते पंचवीस अंशांच्या आसपास जातं, पण जूनच्या सुरुवातीला विशीच्या जवळपासच. एकदम उडी न घेता पाय, मग गुडघे, मग पोट असं हळूहळू उतरायचं. आणखी एक: २३ जूनची रात्र ही तिथे सान जुआनची रात्र. होळ्या पेटवतात, फटाके उडवतात, पहाटेपर्यंत किनारा माणसांनी फुललेला असतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी. तो सण बघायचा असेल तर जरूर बघा, पण २४ तारखेची सकाळ पाण्यासाठी धरू नका.

तिसरी गोष्ट पोहण्याची. हे लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकले. कमरेला वाळलेले भोपळे बांधून, काकांनी ढकलून दिलं आणि शिकले. त्याच विहिरीवर माझ्या सासूबाई धुणं धूत असत. त्यांना पोहता येत नव्हतं. आयुष्यभर पाण्याच्या काठावर काढलं आणि पाण्यात कधी उतरल्या नाहीत.

मी आमच्या गावच्या तलावावर चौकशी केली. लेडीज बॅच आहे, पण वेळ दुपारी दोन ते तीन. भर उन्हात, घरचं आवरून कोण येणार? "बायकांचा प्रतिसाद नाही," असं तिथल्या माणसाने सांगितलं. सकाळी सहाची वेळ देऊन बघितलीत का, विचारलं, तर म्हणे ती जेंट्सची. मग आम्ही भिशीतल्या पाचजणींनी अर्ज दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा घेऊन स्वतः गेलो. आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी सातची बॅच मिळालीय. पहिल्या दिवशी पाच होतो. परवा मोजलं, एकोणीस.

पहिले चार दिवस मी कठडा सोडला नाही. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान. ती म्हणाली, "काकू, पोहायचं नंतर बघू. आधी पाण्यावर पडून राहायला शिका." मान मागे टाकायची, कान पाण्यात बुडू द्यायचे, पोट वर, श्वास हळू. कान बुडाले की बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी नाही, दारावरची बेल नाही. एवढी शांतता मला आठवत नाही. आता मी वीस अंक मोजेपर्यंत तरंगते. तेवढ्यावर मी समुद्रात शूरपणा करणार नाही, हेही सांगून ठेवते. तलावातलं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं हलतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ते वाचून आपण सगळ्याच हळहळलो होतो. त्यानंतर कित्येक घरांत मुलींना सहलीला पाठवणंच बंद झालं. मला विचाराल तर मुलींना घरी बसवण्यापेक्षा त्यांना पोहायला शिकवावं, झेंडे आणि भरतीची वेळ वाचायला शिकवावं. भीती वाटलीच पाहिजे, पण माहिती असलेल्या माणसाची भीती उपयोगी पडते.

"आमचे गुडघे गेले, आम्ही काय उतरणार?" असं आमच्या जोशीकाकू म्हणाल्या. त्यांना मी सांगितलं, तिथे नोव्हा इकारिया नावाच्या किनाऱ्यावर ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी उन्हाळ्यात खास सोय असते. पाण्यात जाणारी चाकांची खुर्ची असते आणि मदतनीस हात धरून समुद्रात नेऊन आणतात. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे का नाही गं असं?" या प्रश्नाचं उत्तर मी इथे देत नाही. पर्यटनाच्या मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांनी ते द्यावं.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. स्पेनला शेंगेन व्हिसा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी अर्ज गेलाच पाहिजे, पण उन्हाळ्यात गर्दी फार, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. निदान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. परत यायच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आणि ज्यांच्याकडे पासपोर्टच नाही त्यांनी ऐका: २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली आहेत, आणि लग्नाच्या दाखल्याची सक्ती २०१६ च्या अखेरीस काढून टाकली आहे. माहेरचं नाव कायम ठेवलं असेल तरी अडत नाही. प्रवास ठरो न ठरो, पासपोर्ट काढून ठेवा.

आमचा अर्ज भरणाऱ्या एजंटाने माझ्या व्यवसायाच्या रकान्यात मला न विचारताच "हाऊसवाइफ" लिहिलं आणि खर्च कोण करणार, तिथे ह्यांचं नाव घातलं. वाईट हेतूने नाही, सवयीने. घर सांभाळणं मी कमी मानत नाही. पण या सदराचं मानधन गेली अकरा वर्षं माझ्या नावाच्या खात्यात जमा होतंय, थोडं का होईना. मी अर्ज परत मागितला आणि "लेखिका" लिहायला लावलं. सोबत माझ्या पासबुकाची प्रत जोडली. विमानाचं तिकीट ह्यांनी काढलं, पण तिथल्या समुद्रावरच्या छत्रीचं भाडं आणि दोघांची कॉफी माझ्या पैशांतून, असं मी जाहीर केलंय. नवऱ्याच्या परवानगीचा तो स्पॅनिश कायदा पन्नास वर्षांपूर्वी गेला. आपल्याकडे असा कायदा नव्हता, तरी किती घरांत तो अजून चालतो, नाही का?

पाचवी गोष्ट, पाहुण्यासारखं वागायची. बार्सेलोनेताच्या गल्ल्यांत अजून साधी माणसं राहतात, गॅलरीत कपडे वाळत घालतात. पर्यटकांना भाड्याने द्यायला घरं गेली, भाडी वाढली, रात्रभर गोंगाट. २०१४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मोर्चे काढले. २०२४ च्या जुलैमध्ये तर शहरातल्या मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. २०२८ पर्यंत पर्यटकांच्या भाड्याच्या घरांचे परवाने संपवायचे, असं महापालिकेने जाहीर केलंय. म्हणून आम्ही तिकडे घर घेतलं नाही, लेकीकडे आणि तिच्याजवळच्या एका साध्या लॉजवर राहतोय. किनाऱ्यावर सिगारेट ओढायला २०२२ पासून बंदी आहे, हेही ह्यांना सांगून झालंय. आणि २०२३-२४ मध्ये तिथे इतका दुष्काळ पडला की किनाऱ्यावरचे शॉवर बंद करावे लागले. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या बायकांना याचा अर्थ कळतो. पाय धुवायला मी घरून एक बाटली भरून नेणार आहे. खाण्याचं म्हणाल तर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल सोडलेला पाव मिळतो, भाजलेली वांगी-मिरच्या मिळतात. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. तरी दशम्या आणि मेतकूट मी घेतेच आहे.

आता शेवटचा आणि मुख्य प्रश्न. पिशव्या.

बार्सिलोना खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावर तर आपण पाण्यात पाठ फिरवून उभे असलो की वाळूवरची पिशवी नाहीशी व्हायला दोन मिनिटं पुरतात. पासपोर्ट खोलीवर ठेवायचा, त्याची झेरॉक्स जवळ ठेवायची, लागतील तेवढेच पैसे न्यायचे, दागिने घरीच. काही झालं तर आपल्यासारखाच ११२ नंबर फिरवायचा. हे सगळं झालं, तरी मोबाइल, चष्मा, किल्ल्या, गाऊन, चपला राहतातच. म्हणजे कुणीतरी वाळूत बसायला हवंच. गंमत बघा, तीस वर्षं मी जे काम करत आले ते फालतू नव्हतं, गरजेचंच होतं. फक्त ते दर वेळी माझ्याच वाट्याला यायचं.

परवा रात्री जेवताना मी विषय काढला. "समुद्रावर पहिला अर्धा तास मी आणि लेक पाण्यात. पिशव्या तुमच्याकडे."

"मी? अगं, मला पोहता येतं!"

"म्हणूनच. तुम्ही आयुष्यभर पोहलात. मला वीस अंकांपर्यंत येतं, ते मला समुद्रात करून बघायचंय."

हे काही बोलले नाहीत. भात कालवला, ताक घेतलं, हात धुतला. मला वाटलं, रागावले. मग टॉवेलला हात पुसता पुसता म्हणाले, "तिथे छत्री मिळते म्हणालीस ना? ऊन लागतं मला." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि चपला किती जोड असतील?"

"तीनच," मी म्हटलं. "तुमचे धरून."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी सगळ्याजणी काही बार्सिलोनाला जाणार नाहीत. मीही आयुष्यात एकदाच जाणार. पण दिवाळीच्या सुट्टीत दिवेआगर ठरेल, तारकर्ली ठरेल, मुलांच्या परीक्षा संपल्यावर अलिबाग ठरेल. तेव्हा गाडी कोणती, खोली किती, जेवण कुठे हे सगळं तुम्हीच ठरवाल, कारण ते आपणच ठरवतो. त्या यादीत एक ओळ स्वतःसाठी लिहा आणि ती शेवटी लिहू नका. शेवटची ओळ नेहमी "वेळ उरला तर" अशी असते आणि वेळ कधी उरत नाही. आणि निघायच्या आधी, घरात सगळे बसलेले असताना, मोठ्याने विचारा, पिशव्या कोण सांभाळणार?

लेकीला मी काल यादी पाठवली. स्टेडियम आहे, सागरादा फामिलिया आहे, नळाची दुरुस्तीही आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय: समुद्र, सकाळी, हिरवा झेंडा असेल तर. आई आणि मी पाण्यात, असं तिने खाली स्वतःच्या हाताने भरलं. आणि त्याच्या खाली ह्यांनी, न सांगता: पिशव्या, बाबा.

तुमच्या घरी काय उत्तर मिळालं, ते जरूर कळवा.